घोरणाऱ्याला झोप, शेजाऱ्याला घोर : दिवा स्टेशनवरून घोरण्याचा छोटासा इतिहास

हेडफोन लावलेत ना? आज ते लागणारच आहेत, कारण विषयच आवाजाचा आहे. आणि आवाजही असा, की करणाऱ्याला सोडून बाकी अख्ख्या घराला ऐकू येतो. घोरणं!

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय? राजे असतात, लढाया असतात, तह असतात. घोरण्याला कसला आलाय इतिहास? पण जरा थांबा. या एका आवाजात रामायण आहे, दासबोध आहे, गिरणी कामगारांचा लढा आहे, एक इंग्रजी कादंबरी आहे आणि एक व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा आहे. हे सगळं आपण दिव्याहून बघणार आहोत. दिवाच का? कारण झोप कमी आणि प्रवास जास्त, हे गणित ज्यांना तोंडपाठ आहे असे लोक दिव्यात भरपूर राहतात.

आधी शब्दाचं बघू

मराठीत "जिवाला घोर लागणे" म्हणजे काळजी लागणे. आणि "घोरणे" म्हणजे ते, जे तुमचे काका दुपारी करतात. दोन्हींत 'घोर' आहे, आणि हा योगायोग नाही. संस्कृत धातुपाठात 'घुर्' असा एक धातू दिलाय आणि त्याचे अर्थ दोन : भयंकर असणं आणि आवाज करणं. व्याकरणवाल्यांनी दोन्ही अर्थ एकाच धातूत बसवले. त्यांच्या शेजारच्या खोलीत कोण झोपत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

आता यंत्रणा. आपण झोपलो की घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ लोंबतात, हवेची वाट अरुंद होते. मग त्या अरुंद वाटेतून हवा जाताना हे मऊ भाग फडफडतात. तो आवाज म्हणजे घोरणं. शास्त्रज्ञांचं एक मत असं आहे, की माणसाचा घसा बोलण्यासाठी जसजसा लवचीक झाला, तसतसा तो झोपेत मिटायलाही सोपा झाला. म्हणजे भाषेबरोबर घोरणं आपल्याला फुकट मिळालं. स्कीम होती, नाही म्हणता आलं नाही.

कुंभकर्ण : आपला पहिला सेलिब्रिटी

घोरण्याचा विषय निघाला आणि कुंभकर्ण आला नाही, असं होतच नाही. सहा महिने झोपणारा, हे सगळ्यांना माहीत. पण वाल्मीकी रामायणातल्या युद्धकांडात त्याला उठवायचा जो प्रसंग आहे ना, तो एकदा वाचाच. रावणाची माणसं त्याला उठवायला गुहेत शिरतात, आणि त्याच्या श्वासाच्या झोतानेच मागे फेकली जातात. कसेबसे आत घुसतात. मग मांसाचे ढीग रचतात, शंख फुंकतात, नगारे बडवतात, त्याला काठ्यांनी मारतात. काही उपयोग नाही. शेवटी अंगावरून हत्ती चालवतात, तेव्हा कुठे स्वारी जांभई देते.

आपल्याकडे अलार्म पाच वेळा स्नूझ करणाऱ्याला "कुंभकर्ण" म्हणतात. अहो, त्याला हत्ती लागले होते, तुम्हाला नुसती आईची हाक लागते. तुलनाच नाही.

पण यातली एक गोष्ट आपण विसरतो. हा माणूस उठल्यावर काय करतो? रावणासमोर जातो आणि त्याला तोंडावर सांगतो, की तू विचार न करता वागलास, सल्ला घेतला नाहीस, हे त्याचं फळ आहे. जे दरबारात जागे होते, त्यांतल्या फार थोड्यांनी हे बोलायची हिंमत केली. म्हणजे झोपाळू माणूस मठ्ठ असतो, हा समज निदान वाल्मीकींचा तरी नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समर्थांनी काढलेला झोपेचा व्हिडिओ

आता महाराष्ट्रात या, सतराव्या शतकात. समर्थ रामदास म्हटलं की आपल्याला मनाचे श्लोक आणि "उठा, व्यायाम करा" आठवतं. पण दासबोधाच्या अठराव्या दशकात नववा समास आहे, त्याचं नाव 'निद्रानिरूपण'. पूर्ण समास झोपेवर! आणि तो गंभीर चेहऱ्याने वाचणं अवघड आहे. जांभया येतायत, लोक चुटक्या वाजवतायत, डुलक्या घेतायत. कुणी झोपेत दात खातंय, कुणी बरळतंय. कुणाची पागोटी सुटून घरंगळलीयत. कुणी झोपेतच उठून अंधारात फिरायला लागलाय आणि थेट उकिरड्यावर जाऊन निजलाय.

मोबाईल नव्हता, म्हणून समर्थांनी शब्दांत शूट केलं, एवढंच. आणि लक्षात घ्या, हे लिहिणारा माणूस स्वतः गावोगाव फिरला होता, देवळांत, धर्मशाळांत, मठांत चार लोकांबरोबर झोपला असणार. एका खोलीत दहा माणसं झोपली की काय काय होतं, हे पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

मग वैद्यांनी काय म्हटलं? सुश्रुतसंहितेत फार स्थूल झालेल्या माणसाची लक्षणं दिलीयत. दम लागणं, तहान, भूक, घाम, जास्त झोप आणि त्यात एक शब्द येतो, 'क्रथन'. याचा अर्थ टीकाकारांनी दोन प्रकारे लावला : झोपेत घशातून येणारा घुरघुर आवाज, किंवा श्वास अचानक अडणं. दोन्ही अर्थ एका शब्दाभोवती, आणि दोन्ही बरोबर! हे दोन तुकडे जोडायला बाकीच्या जगाला फार उशीर लागला. कसा, तेच आता बघू.

तीन एक्के, दोन बादशहा आणि एक डुलकी

लंडन, १८३६. चार्ल्स डिकन्स नावाचा तरुण लेखक 'पिकविक पेपर्स' हप्त्याहप्त्याने छापायला लागतो. म्हणजे त्या काळची वेब सिरीजच. त्यात जो नावाचा एक जाडा नोकर पोरगा आहे. तो खातो आणि झोपतो, काम करता करता झोपतो, उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. वाचकांची हसून पुरेवाट. पुढची एकशेवीस वर्षं जो म्हणजे विनोद, बस.

मग १९५६ साल. अमेरिकेतले काही डॉक्टर एका रुग्णाबद्दल लेख लिहितात. हा एक व्यावसायिक, वजन खूप, आणि दिवसभर पेंग. एके रात्री तो पत्ते खेळत होता. हातात आले तीन एक्के आणि दोन बादशहा. पोकर खेळणाऱ्यांना विचारा, अशी पानं वर्षात कितीदा येतात! आणि हा पठ्ठ्या पानं हातात धरून झोपला. डाव गेला. मग मात्र तो इस्पितळात दाखल झाला. पैसे गेल्याशिवाय माणूस डॉक्टरकडे जात नाही, हे जगात सगळीकडे सारखंच.

डॉक्टरांना डिकन्सचा जो आठवला आणि त्यांनी या आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटलं. पण कारण त्यांना नीट सापडलं नव्हतं. ते सापडलं १९६५ मध्ये. फ्रान्स आणि जर्मनीतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी अशा रुग्णांना रात्रभर यंत्राला जोडून पाहिलं. आणि दिसलं काय, तर हे लोक गाढ झोपतच नव्हते! घोरता घोरता त्यांचा श्वास थांबत होता. काही सेकंद शांतता, मग मेंदू दचकून त्यांना अर्धवट जागं करत होता, मोठा हुंकार येऊन श्वास सुरू, परत घोरणं, परत शांतता. असं रात्रभर. सकाळी त्यांना यातलं काहीच आठवायचं नाही. आठवायची फक्त थकवा आणि डोकेदुखी.

म्हणजे बघा, "काय गाढ झोपलाय, घोरतोय कसा!" हे आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाक्य काही जणांच्या बाबतीत अगदी उलटं होतं. जो पोरगा आळशी नव्हता, त्याला बहुतेक झोपच मिळत नव्हती. आणि आपण हसत होतो.

उपाय काय होता? तेव्हा गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवायचे. मग १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरने वेगळीच शक्कल लढवली. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, ती उलटी चालवली, म्हणजे ओढण्याऐवजी फुंकायला लावली, आणि नळीने ती हवा रुग्णाच्या नाकात हळू दाबाने सोडली. हवेच्या त्या दाबाने घसा उघडा राहिला. घोरणं बंद, श्वास चालू, माणूस खरोखर झोपला. १९८१ मध्ये हा शोध 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आला. आज ज्याला सीपॅप मशीन म्हणतात, त्याचे हे पूर्वज. घरातला केर काढणाऱ्या यंत्राने लोकांच्या रात्री साफ केल्या.

आता गाडी दिव्याकडे

"हे सगळं परदेशातलं झालं, आमचं काय?" आलोच.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे शाळेत पाठ केलंय. १ मे १८५४ ला ती कल्याणपर्यंत गेली, म्हणजे दिव्याच्या शिवारातून. त्याच काळात मुंबईत कापड गिरण्या उभ्या राहायला लागल्या आणि कोकणातली, घाटावरची माणसं कामाला आली. कामाचे तास? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचीही गरज उरली नाही. रात्रीपर्यंत साचे चालू.

हे कामगार झोपायचे कुठे? चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण, खानावळीत जेवायचं आणि पाळीप्रमाणे झोपायचं. पहिल्या पाळीचा उठला की त्याच वळकटीवर दुसऱ्या पाळीचा आडवा. उन्हाळ्यात गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. अशा खोलीत घोरणारा एक असला तरी पंधरा जणांचा प्रश्न असतो. आणि सगळेच घोरत असतील तर प्रश्नच मिटतो.

इथे एक नाव घ्यायलाच हवं. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्यामागे होता असं सांगतात. तेव्हा मंडळी, रविवारी दुपारी मटण-भात झाल्यावर तुमच्या घरात जो सूर लागतो, त्याचं अर्धं श्रेय लोखंडेंना द्या. तो सूर फुकट मिळालेला नाही, तो लढून मिळालाय.

तासांचा लढा तर फार सावकाश चालला. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम. १९२२ ला ११ तास. आठवड्याला ४८ तासांवर यायला १९४६ उजाडलं. म्हणजे माणसाला पुरेसं झोपता यावं, यासाठी आपल्याकडे दोन-तीन पिढ्या भांडल्या.

आणि आज? कागदावर आठ तास काम. पण दिव्यापासून सीएसएमटी सुमारे ४३ किलोमीटर. त्यात स्टेशनपर्यंत चालणं, गाडी सोडणं, पुढची पकडणं, तिकडे उतरून परत बस किंवा शेअर रिक्षा. गिरणीचे जे तास कायद्याने कमी केले, ते प्रवासाने गुपचूप परत घेतले. २ जानेवारी २०१५ ला दिव्यात लोक रुळांवर उतरले, गाड्या कितीतरी तास ठप्प झाल्या, ते आठवत असेल. बातम्यांत दगडफेक दिसली. पण त्यामागे रोजच्या उशिराने खाल्लेली झोप होती, ती कॅमेऱ्यात येत नाही. डिसेंबर २०१६ पासून दिव्याला जलद गाड्या थांबायला लागल्या. गर्दी आहे तशीच आहे, पण काहींची रोजची थोडी तरी मिनिटं वाचली. आमच्या भाषेत सांगायचं तर एक स्नूझ मिळाला.

म्हणून लोकलमध्ये झोपणाऱ्याकडे मी फार आदराने बघतो. काय ती कला! उलटं जाऊन, डाऊन करून सीट मिळवायची. पिशवी मांडीवर, तोंड अर्धं उघडं, मान हळूहळू शेजाऱ्याच्या खांद्याकडे. एका बाजूला भजनी मंडळाचे टाळ, दुसऱ्या बाजूला रमीचा डाव, आणि मधे हा शांतपणे खर्जात लागलेला. आणि उतरायचं स्टेशन आलं की कुणीही न उठवता डोळे उघडून दारात! याला आधी कुणी हत्ती लावले होते का?

डेसिबल आणि कायदा

थोडे आकडे. स्वीडनमधल्या कोरे वालकर्ट या गृहस्थांचं घोरणं २४ मे १९९३ ला तिथल्या इस्पितळात मोजलं, ते भरलं ९३ डेसिबल. गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. आता आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम बघा. राहत्या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा किती? ४५ डेसिबल. म्हणजे हे काका आपल्या चाळीत असते, तर डीजेच्या आधी त्यांच्यावर तक्रार गेली असती.

गंमत सोडा, पण झोप हा खरोखर कायद्याचाही विषय झालाय. २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि जगण्याच्या हक्काशी ती जोडलेली आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, एका माणसाची रात्रभर चौकशी झाली त्या प्रकरणात, झोपेचा हक्क असा मोडता येणार नाही, असं बजावलं. लोखंडेंचे अर्ज जिथून सुरू झाले, त्या मुंबईतच हे म्हटलं गेलं, याचं मला बरं वाटतं.

मग हसायचं की नाही?

हसायचं ना! घोरण्यावर हसणं हा घराघरातला जुना हक्क आहे. "बाबा, काल केवढ्याने घोरत होतात!" "छे, मी तर जागाच होतो." हा संवाद ज्या घरात झाला नाही, ते घर मला दाखवा. "अहो, जरा कूस बदला," हे तर शास्त्रालाही मान्य असलेलं औषध आहे. उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते, कुशीवर पडत नाही. आपल्या आज्यांनी कोपराने ढोसून हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालवलाय, फी न घेता.

आणि एक सांगू? पातळ भिंतींच्या खोलीत रात्री पलीकडून येणारं घोरणं म्हणजे एक निरोपही असतो. शेवटच्या लोकलने माणूस घरी पोचला, जेवला, आडवा झाला. सगळे जागेवर आहेत. दिव्यासारख्या गावात, जिथे घरातलं कुणी ना कुणी रोज गर्दीतून परत यायचं असतं, तिथे या निरोपाची किंमत मोठी आहे.

पण काही घोरण्यांवर हसून झोपून जाऊ नका. मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये एक अभ्यास छापला. नेहमीच्या तपासणीला आलेले ३५ ते ६५ वयाचे ६५८ पुरुष त्यात होते, त्यातल्या २५० जणांची घरी रात्रभर तपासणी झाली. अंदाज असा निघाला, की साडेएकोणीस टक्के लोकांचा श्वास झोपेत अडखळतो, आणि साडेसात टक्क्यांना त्यामुळे दिवसाही पेंग येते. हे इस्पितळात आजारी म्हणून आलेले लोक नव्हते. चालते-फिरते, ऑफिसला जाणारे होते.

म्हणून कान कुठे द्यायचा, ते सांगतो. नुसता एकसुरी आवाज असेल तर एक वेळ चालेल. पण आवाज, मग एकदम शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा हुंकार, असं परत परत होत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, दिवसा बसल्या जागी डोळे मिटत असतील, रक्तदाब वाढलेला असेल, तर डॉक्टर गाठा. घरात कुणी ड्रायव्हर असेल, रात्रपाळीचा रायडर असेल, तर नक्कीच. पेंग आणि स्टेअरिंग यांचं जमत नाही. लहान मूल रोज घोरत असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते, तेही दाखवा. आणि आईचं विसरू नका. बायका घोरतात हे आपल्याकडे कुणी बोलतच नाही, त्यांना लाज वाटते, आणि पाळी गेल्यावर तर हे प्रमाण वाढतं. त्यांच्या थकव्याला आपण "वय झालं" म्हणून मोकळे होतो.

दिव्याहून स्लो गाडीने दोन स्टेशनं, मुंब्रा आणि मग कळवा. तिथे ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करता येते. जाताना एक गोष्ट बरोबर न्या, जी सुश्रुतांकडे नव्हती आणि समर्थांकडेही नव्हती : मोबाईलवरचं रात्रीचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं सहसा ऐकू येत नाही, त्यामुळे डॉक्टरांपुढे साक्षीदार तुम्हीच. फक्त ते रेकॉर्डिंग डॉक्टरांसाठी ठेवा, रीलसाठी नको. डिकन्सच्या जो वर लोक एकशेवीस वर्षं हसले, तेवढं पुरे झालं.

चला, आजच्यापुरतं इतकंच. हा भाग ऐकता ऐकता शेजारचा माणूस तुमच्या खांद्यावर डुलकी घेत असेल, तर त्याचं स्टेशन येईपर्यंत खांदा हलवू नका. पुढच्या भागात भेटू. शुभ रात्री!